परक्या रुसव्याचा मानकरी

सार्वजनिक रस्ता अडवून मांडव घालणे बेकायदेशीर आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. अशा मांडवात मानाच्या खुर्चीवर बसून सांभारवडी खाणाऱ्या इसमाची कायदेशीर स्थिती काय, याविषयी मात्र मी आजवर लेखी मत दिलेले नाही. कारण तो इसम मी आहे.

माझे सारे आयुष्य सांगलीस कोर्टकचेरीत गेले. वकिलांची अशुद्ध निवेदने वाचून माझा रक्तदाब वाढला आणि निवृत्तीनंतर तो खाली आणण्यासाठी मी पत्रे लिहू लागलो. शेजाऱ्याच्या शेवग्याची फांदी, गणपतीचा कर्णा, सोसायटीची टाकी, असे विषय संपत आले तेव्हा मी आमच्याच गल्लीतील महिला भजनी मंडळाच्या आवाजाविषयी संबंधितांना पत्र लिहिले. (आवाजाची मर्यादा सर्वांना सारखी आहे, त्यातून पांडुरंगालाही सूट नाही.) त्या मंडळाची खजिनदार माझी पत्नी नलिनी होती. त्यानंतर गल्लीतील एकही बाई आमच्या घरी हळदीकुंकवाला आली नाही, आणि नलिनीचेही कुठे जाणे राहिले नाही. माझ्या पत्राला संबंधितांकडून उत्तर आले नाही, ते वेगळेच.

अशा परिस्थितीत वर्ध्याच्या बँकेत असलेल्या आमच्या मुलीने आम्हाला आग्रहाने इकडे बोलावले. आम्ही पिपरी मेघे येथे घर घेतले, सामान उतरवले, आणि त्याच आठवड्यात मुलीची चंद्रपूरला बदली झाली. बदलीच्या आदेशात मला ढोबळ त्रुटी आढळल्या होत्या; परंतु तिने मला पेनाला हात लावू दिला नाही.

तात्पर्य, एका अनोळखी गावात आम्ही दोघेच उरलो. तेव्हा नलिनीने पहिल्याच रात्री, पोळ्यांच्या डब्यावर हात ठेवून, अट घातली.

"या गावात तुम्ही एकही तक्रार करायची नाही."

"कायमस्वरूपी मनाई?"

"माझी चार घरं होईपर्यंत. उठून जावं आणि चहा मागावा, अशी चार घरं. सांगलीत चाळीस होती. तुम्ही एकही ठेवलं नाहीत."

अट वाजवी होती. मी मान्य केली. डब्यावरचा हात तेव्हाच उचलला गेला.

पुढच्या रविवारी आम्ही नवे गाव पाहायला निघालो. कार्यक्रम नलिनीने आखला होता: आधी बाजार, मग इथली प्रसिद्ध गोरसपाकाची बिस्किटे, मग सेवाग्राम आणि वेळ उरल्यास पवनार. मी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला. नलिनीने नवी साडी नेसली, कारण तिच्या मते घर कुठे जोडले जाईल हे सांगता येत नाही. आम्ही ऑटोत बसलो. ऑटो दोन वळणे गेला आणि थांबला.

समोर रस्ता नव्हता. रस्त्याच्या जागी एक गुलाबी-पिवळा मांडव होता. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, नालीसकट.

"उतरा काका," ऑटोवाला म्हणाला. "इथून पुढं नाई जमत. साक्षगंध आहे कोणाचं तरी."

साक्षगंध म्हणजे साखरपुडा, हे मला ठाऊक होते. साखरपुडा म्हणजे रस्त्याची मालकी, हे मला ठाऊक नव्हते.

"आपण मागच्या गल्लीने जाऊ," नलिनी घाईने म्हणाली. तिने माझा चेहरा पाहिला होता.

"मागची गल्ली हा पर्याय आहे, नलिनी. उपाय नव्हे."

"तुम्ही शब्द दिलाय."

"तक्रार न करण्याचा. मी केवळ विचारणा करणार आहे. या दोहोंत मूलभूत फरक आहे."

मी मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. आत पाऊल टाकले नाही. अतिक्रमणात पाऊल टाकणे म्हणजे त्याला मूक संमती देणे होय. मी खणखणीत आवाजात विचारले, "या प्रकारास जबाबदार कोण आहे? मी आत येणार नाही. जबाबदार व्यक्तीने बाहेर यावे."

माझा आजवरचा अनुभव असा, की या वाक्यानंतर आतून "कोण रे तो?" असा आवाज येतो आणि मग प्रकरण वाढते. इथे वेगळेच घडले. आतली कुजबुज थांबली. कोणीतरी दबक्या आवाजात "आले, आले" म्हणाले. आणि एक टोपी घातलेले साठीचे गृहस्थ, हात जोडून, अक्षरशः धावत आले.

"बापू, चुकलं आमचं," ते म्हणाले.

मी स्तंभित झालो. इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात ही तीन अक्षरे, म्हणजे 'चुकलं' हा शब्द, मला एकाही प्राधिकरणाकडून प्राप्त झालेला नव्हता. इथे मी अजून मुद्दा मांडलाही नव्हता.

"तुमचे नाव?" मी विचारले.

"मी शेषराव, बापू. पोरीचा बाप. मास्तर होतो. तुमी आत तर या पहिले. काय बोलाचं ते बसून बोला, हक्क आहे तुमचा."

हक्क! (हा शब्द ऐकून माझे पाय आपोआप आत गेले, हे मी नमूद करतो.)

आत गेल्याबरोबर मला मखमली खुर्चीवर बसवण्यात आले. दोन बाया तांब्या-परात घेऊन आल्या आणि माझे पाय धुऊ लागल्या. कपाळाला टिळा लागला, डोक्यावर टोपी आली, खांद्यावर दुपट्टा आला, हातात नारळ आला. विदर्भात पाहुणचार फार, असे मी ऐकून होतो. पण हरकत घेणाऱ्यालाही तो इतका मिळतो, हे पाहून मला महाराष्ट्राच्या पश्चिम भागाची शरम वाटली. नलिनीला बायका हाताला धरून आतल्या घरात घेऊन गेल्या. जाताना ती मागे वळून माझ्याकडे पाहत होती. सांगलीत ती अशी माझ्याकडे पाही, तेव्हा मी साधारणपणे पोलीस चौकीत असे.

"मला हा सत्कार नको," मी ताठ बसून म्हणालो. "मला रस्ता मोकळा हवा आहे."

"रस्ता?" शेषरावांनी मागे पाहिले. मागे उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. "बापूईले रस्ता मोकळा पायजे म्हनते."

"लय कडक आहे बा," कोणीतरी म्हणाले. त्यात आदर होता.

"आणि तो कर्णा. त्याचा आवाज मर्यादेबाहेर आहे."

"बंद करा तो भोंगा!" शेषराव ओरडले. भोंगा बंद झाला. गाण्याच्या मध्यात.

मी थांबायला हवे होते. परंतु वाचकांनी माझी अवस्था समजून घ्यावी. ज्याने आयुष्यभर अर्ज केले आणि 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे' एवढेच ऐकले, त्याच्यासमोर आज संबंधित विभाग हात जोडून उभा होता! मी म्हणालो, जनरेटर भिंतीपासून दूर हवा; तो दूर झाला. मी म्हणालो, दुचाक्या वेड्यावाकड्या लावल्या आहेत. त्या रांगेत लागल्या. कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग होता, त्याचा या समारंभाशी सुतराम संबंध नव्हता. तरी मी बोट दाखवताच नव्या कपड्यांतले दोन जण फावडे आणायला पळाले. एका नळाची तोटी गळत होती. तीही बदलली. मधल्या काळात बशीतून सांभारवडी आली (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, तिचे सारण भरून तळलेली, कुरकुरीत). मी पहिली नाकारली. दुसरी नाकारली असती, पण तोपर्यंत पहिली संपली होती.

आणि शेवटी शेषरावांनी मांडववाल्याला हाक मारली.

"अर्धा मांडव काढ बे. रस्त्याच्या बाजूचा."

"काऊन? आत्ता? मास्तर, पाहुणे येऊन राह्यले."

"तुले सांगतलं नं. बापूचा राग आहे."

बल्ल्या, म्हणजे मांडवाचे खांब, उपटण्यास प्रारंभ झाला. मी डोळे मिटून तो आवाज ऐकत होतो. लग्नात मला सनई ऐकूनही असे वाटले नव्हते. इतक्यात कानाशी नलिनीचा आवाज आला.

"तुम्ही कोण आहात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"एक जागरूक नागरिक."

"नाही. तुम्ही हिंगणघाटचे मोठे जावई आहात."

मी डोळे उघडले. तिने घाईघाईने, ओठ न हलवता, सारा खुलासा केला. नवऱ्या मुलाच्या आत्याचे यजमान, बाबारावजी, हे त्या घराण्याचे ज्येष्ठ जावई. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावणे गेले नाही म्हणून ते रुसलेले. मुलाकडच्यांचा सकाळी फोन आला होता, की आम्ही मागून येतो. मोठे जवाई बाईला घेऊन वेगळ्या गाडीने पुढे निघाले आहेत. ते दारात उभे राहतील, आत येणार नाहीत, तोंडाला येईल ते बोलतील. तुम्ही फक्त हो म्हणा. मुलीकडच्या कोणीही त्यांना पूर्वी पाहिलेले नव्हते. ओळखायचे कसे, तर पांढरे केस, चष्मा, सोबत बाई, आणि चेहरा असा की पाहिल्याबरोबर कळेल.

"आत मला एकीने विचारलं, तुमचे हे मागे बारशालाही रुसले होते म्हणे? मी म्हटलं, कोणाच्या बारशाला? तिथे कळलं सगळं. आता उठा आणि सांगा खरं काय ते."

"तू सांगितले नाहीस?"

"कुसुमताईंनी मला मंगळवारच्या भजनाला बोलावलंय," ती म्हणाली. "मुलीची आई. पलीकडेच त्यांच्या दोघी बहिणी राहतात. तीन घरं होत होती हो."

हे ऐकून माझ्या ध्यानात आले, की मी त्या क्षणी एकाच वेळी कायद्याच्या, सत्याच्या आणि पत्नीच्या अशा तिहेरी कैचीत सापडलो होतो. उठून खुलासा करणे हे माझे कर्तव्य होते. पण समोर शेवटची बल्ली निघत होती.

"एवढी निघू दे," मी म्हणालो.

बल्ली निघाली. रस्ता मोकळा झाला. मांडवाची उरलेली अर्धी बाजू मात्र जेवणाच्या टेबलांवर झुकली आणि चार माणसे ती डोक्यावर पेलून उभी राहिली. आणि त्या मोकळ्या झालेल्या, आजवरच्या माझ्या पहिल्या व एकमेव यशस्वी रस्त्यावरून जे पहिले वाहन आले, ती होती एक पांढरी मोटार. तिच्यातून पांढऱ्या केसांचे, चष्मा लावलेले एक गृहस्थ उतरले. चेहरा पाहिल्याबरोबर कळला.

पुढे समजले, की बाबारावजी केव्हाचे गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून होते. रस्ता बंद आहे, गाडी दारापर्यंत जात नाही, हा अपमान त्यांना अतिशय पसंत पडला होता. त्याच मुद्द्यावर परत फिरायचे त्यांनी ठरवले होते. आणि माझ्यामुळे रस्ता उघडला. त्यांच्या हातचे कारण मी काढून घेतले होते. आता समोर खुर्चीत त्यांना त्याहून मोठे कारण दिसले.

"हे कोन आहे?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"हे..." शेषराव अडखळले. "हे हिंगणघाटचे मोठे जवाई."

"मंग मी कोन आहो?"

शेषरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. केस सारखे, चष्मा सारखा, राग सारखा. त्या बिचाऱ्या मास्तरांपुढे दोन्ही पक्षांचा पुरावा तुल्यबळ होता.

"माह्या खुर्चीत दुसऱ्याले बसवलं," बाबारावजींचा आवाज चढला. "माह्ये पाय धुवाचे, ते याचे धुतले. माही टोपी याच्या डोक्यावर. हे साक्षगंध होत नाई. मी पोराकडच्याईले फोन लावतो, अर्ध्या रस्त्यातून वापस जा म्हनतो."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. डोक्यावर मांडव घेतलेली चार माणसे खाली बसू शकत नसल्याने तशीच उभी राहिली. दारात कुसुमताई आल्या. त्यांच्या मागे हिरव्या साडीतली मुलगी, तिच्या मागे बायका. कुसुमताईंनी आधी बाबारावजींकडे पाहिले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही. त्यांनी नलिनीकडे पाहिले.

हे साक्षगंध मोडले असते, तर नलिनीला या गावात चार घरे सोडाच, भाजीवालीनेही भाव सांगितला नसता.

माझ्याजवळ युक्तिवाद तयार होता. तोतयेगिरीस हेतू लागतो. मी कोणासही आपले नाव सांगितले नव्हते. मला कोणी ते विचारलेही नव्हते. मी तोंड उघडले. नलिनी पुटपुटली, "चार घरं." फक्त एवढेच.

मी उठलो. टोपी काढली, दुपट्टा काढला, नारळ खुर्चीवर ठेवला.

"बाबारावजी," मी म्हणालो, "मी या गावात नवा आहे. आपल्या जागेवर, आपल्या रागावर आणि आपल्या सांभारवडीवर माझा कोणताही हक्क नव्हता. यात या मंडळींचा दोष नाही. मी विनाशर्त क्षमा मागतो."

'विनाशर्त' हा शब्द मी आयुष्यभर इतरांच्या माफीनाम्यांत घालून दिला होता. स्वतःच्या तोंडाने तो प्रथमच उच्चारला. तो फार कडू असतो.

बाबारावजींनी मोबाईल कानापासून दूर धरला. "पाय?" ते म्हणाले.

"पाय कोण धुणार?" असे त्यांना विचारायचे होते. मी एका बाईच्या हातातून तांब्या घेतला. वाकता येत नाही म्हणून खाली बसलो, आणि बाबारावजींचे पाय धुतले. नीट धुतले. मागे कोणाला तरी हसू फुटले, ते पदराने दाबले गेले. गाडीतून उतरलेल्या त्यांच्या पत्नी नलिनीशेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुमचे घरी बी असेच काय?" त्यांनी विचारले.

"असेच," नलिनी म्हणाली.

"मंग बसा इकडं. याईचं चालू राहू द्या."

बाबारावजी खुर्चीत बसले. टोपी त्यांना माझ्यापेक्षा चांगली बसली, हे मान्य करावे लागेल. सर्वांनी श्वास सोडला. परंतु ज्येष्ठ जावई इतक्या स्वस्तात मानत नसतो.

"मांडव काऊन असा?" त्यांनी वर पाहिले. "माह्या साडूच्या पोरीच्या साक्षगंधाले पूर्ण रोडभर बांधला होता. माह्यासाठी अर्धा?"

"पूर्ण होता नं, बापू," शेषराव कळवळून म्हणाले. "यायनं काढाले लावला."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

तेव्हा पुढील वाक्य मी केवळ सत्यनिष्ठेपोटी लिहीत आहे. मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मांडववाल्याबरोबर बल्ल्या उभ्या केल्या. मी धरत होतो, तो बांधत होता. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, नालीसकट. शेवटची बल्ली भर रस्त्यात मी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा असताना समोर एक ऑटो येऊन थांबला. तोच ऑटोवाला.

"काका," तो म्हणाला, "तुमीच रस्ता बंद करून राह्यले काय?"

आतल्या सवारीने मान बाहेर काढली. माझ्याच वयाचे, चष्मेवाले गृहस्थ होते. "याची परवानगी घेतली आहे का?" त्यांनी विचारले.

"मागच्या गल्लीने जा," मी म्हणालो.

भोंगा पुन्हा सुरू झाला, गाण्याच्या त्याच मध्यावर. मुलाकडची मंडळी आली, साक्षगंध झाले, आणि आम्ही जेवूनच निघालो, कारण कुसुमताईंनी नलिनीचा हात सोडला नाही. निघताना बाबारावजींनी मला बाजूला घेतले. "रागावता तुमी बरे," ते म्हणाले. "पन तुमी कारण सांगता. कारण सांगतलं की मानूस वाद घालते. काई सांगाचं नाई, नुसतं तोंड फिरवून बसाचं." माझ्या संपूर्ण नोकरीत इतका उपयुक्त सल्ला मला कोणी दिला नव्हता. ज्या देशात सकारण अर्ज धूळ खात पडतो आणि अकारण रुसव्याचे पाय धुतले जातात, तिथे मी आयुष्यभर चुकीचा मार्ग चोखाळला, याची त्या दिवशी मला खात्री पटली.

नलिनीची घरे आता मोजण्यापलीकडे गेली आहेत. मंगळवारी भजन, शुक्रवारी कोणाकडे तरी पापड, आणि दर रविवारी ती, कुसुमताई आणि हिंगणघाटहून येणाऱ्या बाबारावजींच्या पत्नी मिळून गाव पाहायला जातात. त्यांनी बाजार पाहिला, सेवाग्राम पाहिले, पवनारला नदीकाठी बसून गोरसपाक खाल्ला. मी अद्याप त्या मांडवापलीकडचे वर्धा पाहिलेले नाही. गेल्या रविवारी मी याविषयी लेखी म्हणणे मांडण्याचा विचार बोलून दाखवला.

"तक्रार नको," नलिनी पायात चप्पल सरकवत म्हणाली आणि गेली.

मग मी बाबारावजींचा सल्ला अमलात आणला. व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि कारण न सांगता, तोंड फिरवून बसलो. दुपार कलली. शेषराव रस्त्याने जात होते, ते फाटकाशी थबकले.

"काका, रुसले काय?"

मी तोंड आणखी फिरवले.

"बसा मंग," ते म्हणाले आणि दूध आणायला गेले.

दिवेलागणीपर्यंत एकही माणूस तांब्या घेऊन आला नाही. शेवटी माझे पाय मीच धुतले.